मांगाचा शेवट पडद्यावर: परीक्षण लिहिताना

आधी मांगा (जपानी कॉमिक), मग त्यावरचा सिनेमा, असा क्रम ठेवा, पण वाचन आणि पाहणं यांत आठवडाभर तरी जाऊ द्या. नाहीतर परीक्षणाऐवजी ‘काय गाळलं’ याची यादीच हाती उरते.

‘द फर्स्ट स्लॅम डंक’ (2022) हा शालेय बास्केटबॉलवरचा अ‍ॅनिमेशनपट घ्या. मांगा 31 खंडांचा. 101 भागांची टीव्ही मालिका राष्ट्रीय स्पर्धेआधीच थांबली होती. म्हणजे त्या स्पर्धेतला, सान्नो या बलाढ्य शाळेविरुद्धचा सामना अ‍ॅनिमेशनमध्ये येण्याची वाट चाहते सव्वीस वर्षं पाहत होते. एवढा संदर्भ दोन वाक्यांत द्या, जास्त नको.

खरा मुद्दा दृष्टिकोनाचा. मांगाचा नायक साकुरागी, सिनेमाचा त्याच संघातला मियागी. लेखक-दिग्दर्शक स्वतः मूळ चित्रकार इनोउएच असल्यामुळे ‘मूळाशी प्रामाणिक नाही’ ही तक्रार इथे लंगडी पडते. त्याऐवजी हे विचारा: मियागीच्या ओकिनावातल्या बालपणीच्या आठवणी सामन्याची लय कुठे तोडतात, कुठे ताण वाढवतात? माझ्या मते उत्तरार्धात त्या जरा जास्तच वेळा येतात. तुम्हीही असं मत नेमक्या प्रसंगासह मांडा.

शेवटच्या क्षणांसाठी दुसऱ्यांदा पाहा, शक्यतो हेडफोन लावून. मांगाची ती पानं जवळजवळ निःशब्द आहेत. सिनेमा तोच परिणाम आवाज काढून घेऊन साधतो. कागदावर वेग वाचकाच्या हातात असतो, पडद्यावर संकलकाच्या. नवखे इथेच ‘अंगावर काटा आला’ लिहून मोकळे होतात.

सामन्याचा निकाल मात्र लिहू नका. लिहायचाच असेल, तर त्याआधी ठळक इशारा द्या, शीर्षकात तर मुळीच नको.