उत्तर : हवेचा झोत भलत्याच काजूगरावर का बसतो

कॅमेऱ्याने डागी काजूगर ओळखून त्याला हवेच्या झोताने बाजूला उडवणाऱ्या आपल्या निवड-यंत्राविषयी आपण विचारले आहे. ‘डागी काजूगर कॅमेऱ्याला बरोबर ओळखू येतो, पण हवेचा झोत त्याच्या आधी पडणाऱ्या चांगल्या गरावर बसतो, आणि चित्रात गर लांबुडके दिसतात’ हे आपले वर्णन वाचले आणि माझे वाया गेलेले चार महिने डोळ्यांपुढे उभे राहिले. आपण कालमन फिल्टरचे (एकामागून एक चित्रांवरून गराची जागा आणि वेग यांचा अंदाज बांधणाऱ्या गणिताचे) आकडे बदलून पाहत आहात, असेही लिहिले आहे. ते काम कृपया आजच थांबवावे. मीही तेच करीत बसलो होतो आणि माझी सर्वांत महागात पडलेली चूक तीच. दोष गणितात नव्हता, गणिताला पुरवलेल्या वेळेत होता.

आपला कॅमेरा बहुधा रोलिंग शटरचा असावा. अशा सेन्सरच्या ओळी एकाच क्षणी टिपल्या जात नाहीत, वरची आधी आणि तळाची शेवटी टिपली जाते. माझा कॅमेरा सेकंदाला ६० चित्रे घेई, म्हणजे दोन चित्रांत १६.७ मिलिसेकंदांचे अंतर, आणि एक चित्र वरपासून खालपर्यंत वाचायला त्याला सुमारे १५ मिलिसेकंद लागत. पन्हळीतून सुटलेला गर ३० सेंटिमीटर पडला की त्याचा वेग सेकंदाला साधारण २.४ मीटर होतो. १२ सेंटिमीटर उंचीच्या दृश्यात तो वाचनाच्याच दिशेने धावत असल्यामुळे, पुढच्या चित्रात त्याची ओळ येईपर्यंत प्रत्यक्षात जवळजवळ २४ मिलिसेकंद उलटलेले असतात. प्रोग्राम मात्र गर सरकल्याच्या अंतराला १६.७ नेच भागतो आणि वेग सेकंदाला ३.४ मीटर काढतो. १५ सेंटिमीटर खाली बसवलेला हवेच्या झोताचा व्हॉल्व्ह त्यामुळे १४-१५ मिलिसेकंद आधीच उघडतो. तेव्हा डागी गर अजून चार सेंटिमीटर वर असतो आणि झोतासमोर त्याच्या आधीचा, बिचारा निर्दोष गर येतो.

खात्री करणे सोपे आहे. कॅमेरा उलटा बसवून पाहावा. गर लांबुडक्याऐवजी आखूड दिसू लागला, तर दोष ओळींच्या वाचनाचा. दोन्ही वेळा सारखाच लांब आणि कडा पुसट दिसला, तर एक्स्पोजर, म्हणजे उजेड टिपण्याचा वेळ, जास्त आहे.

ही पाच मिनिटांची चाचणी मला कॅमेरा विकणाऱ्यांच्या तांत्रिक विभागाने सांगायला हवी होती. त्यांनी प्रत्येक वेळी ड्रायव्हर (कॅमेरा संगणकाला जोडणारा प्रोग्राम) नव्याने टाकायला सांगितले, आणि शटर कोणत्या प्रकारचे आहे या माझ्या लेखी प्रश्नाला उत्तर म्हणून तेच माहितीपत्रक पुन्हा पाठवले, ज्यात चित्रांची संख्या ठळक होती आणि शटरचा उल्लेखच नव्हता. चूक अर्थात माझीही होती. खरेदीपूर्वी मी तरी कुठे विचारले होते?

माझे मत स्पष्ट आहे : ग्लोबल शटरचाच, म्हणजे सर्व ओळी एकाच क्षणी टिपणारा, कॅमेरा घ्यावा, मेगापिक्सेल कमी असले तरी चालतील. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी २०२३ मध्ये आलेला ग्लोबल शटर कॅमेरा १.६ मेगापिक्सेलचाच आहे, पण एका पन्हळीला तेवढे पुरते. मोठ्या यंत्रांत लाइन-स्कॅन (एका वेळी एकच ओळ टिपणारे) कॅमेरे असतात. त्यांचा मला अनुभव नाही. नवा खर्च शक्य नसेल, तर चित्राची सुरुवात अधिक ओळ क्रमांक गुणिले एका ओळीचा वेळ, अशी प्रत्येक गराची स्वतंत्र वेळ काढून तीच फिल्टरला द्यावी. माझे यंत्र मी याच उपायावर एक हंगाम चालवले.

एक्स्पोजर १/२००० सेकंदापर्यंत आणल्यास गर तेवढ्यात जेमतेम १.२ मिलिमीटर सरकतो, मात्र उजेड भरपूर लागतो आणि तो डीसी पुरवठ्यावरच्या एलईडीचा असावा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात आणि मग चांगला गरही अधूनमधून डागी ठरतो. पार्श्वभूमी निळी ठेवल्यास पांढरा आणि करपलेला असे दोन्ही गर उठून दिसतात. काचेवर सालीचा भुगा बसतो, तो मी दर तासाला पुसतो.

हे सारे एका पन्हळीच्या, घरी जुळवलेल्या यंत्रावरून लिहिले आहे. आपली पडण्याची उंची वेगळी असेल तर आकडे बदलतील. कॅमेरा उलटा करून घेतलेले चित्र येथे टाकल्यास ओळीचा वेळ काढून देईन.