पेल्विस म्हणजे कंबर, ओटीपोट की खुबा?

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासूबाई घसरून पडल्या, एक्स-रे काढला, त्यावर 'पेल्विस' लिहिलेलं. ताईंची स्वतःची सोनोग्राफी झाली, त्या कागदावरही 'पेल्विस'. घरात कुणी त्याला कंबर म्हणतं, कुणी ओटीपोट, कुणी खुबा. खरा मराठी शब्द कोणता?

ताई, दोन कागदांवर शब्द एकच असला तरी अर्थ दोन आहेत, म्हणून मराठीतही दोन शब्द लागतात. एक्स-रेवरचा पेल्विस म्हणजे हाडांचं कडं. त्याला शास्त्राच्या पुस्तकांतला 'श्रोणी' हा शब्द घ्यावा. सोनोग्राफीतला पेल्विस म्हणजे त्या कड्याच्या आतली जागा, जिथे मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय असतात. तिथे 'ओटीपोट'च हवं. 'ओटीपोटात दुखतं का?' हे कुठल्याही बाईला कळतं. 'श्रोणीत दुखतं का?' असं विचारलं तर ती नुसती बघत राहील.

कंबर मात्र या दोन्हींहून वेगळी. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, तेव्हा विठोबासारखे हात कमरेवर ठेवून बघा. तळहात जरा खाली दाबला की हाडाची कड लागते. ती श्रोणीची वरची कड. तिच्या वर, बरगड्यांपर्यंतची मऊ जागा ती खरी कंबर. बोलताना आपण इतकं पाहत नाही. पाठीच्या खालच्या टोकापासून कुल्ल्यापर्यंत कुठेही दुखलं तरी 'कंबर धरली' म्हणतो. सोलापुरात कन्नड घरात 'सोंट' आणि तेलुगू घरात 'नडुमु' म्हणतात, तेही असेच ऐसपैस शब्द. म्हणून दवाखान्यात नुसतं 'कंबर' न म्हणता दुखतं तिथे बोट ठेवावं.

श्रोणीच्या कड्यात दोन्ही बाजूंना नितंबाची हाडं, मागे त्रिकास्थी आणि तिच्या टोकाला माकडहाड. बाजूचं प्रत्येक हाड लहानपणी तीन तुकड्यांत असतं, वयात येताना ते तुकडे जुळून एक होतात. त्रिकास्थी पाच मणके जुळून बनते. माकडहाडात बहुधा चार छोटे मणके असतात. हा शब्द मला फार आवडतो, कारण शेपटीची खूण त्यात स्वच्छ दिसते.

धडाचा सगळा भार कण्यातून त्रिकास्थीवर येतो. उभं असताना तो तिथून दोन्ही मांड्यांत उतरतो. बसलो की श्रोणीच्या तळाची दोन उंचवटेदार हाडं तो पेलतात. जमिनीवर मांडी घालून तासन्‌तास विड्या वळणाऱ्या आपल्या बायकांना ती हाडं नावाशिवायही चांगली ठाऊक आहेत. बाईची श्रोणी पुरुषापेक्षा रुंद, तिचं तोंड अधिक गोल आणि पुढच्या बाजूचा कोन मोठा असतो. बाळाला वाट तिथूनच मिळते. गरोदरपणात तिथले सांधे थोडे सैलही होतात.

राहिला खुबा. तो श्रोणी आणि मांडीचं हाड यांचा सांधा. शाळेत 'उखळीचा सांधा' शिकलो तोच. यातली खोलगट वाटी श्रोणीची आणि गोळा मांडीच्या हाडाचा. म्हातारं माणूस पडलं की 'खुबा मोडला' म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा त्या गोळ्याखालची मान किंवा तिच्या लगेच खालचं मांडीचं हाड मोडलेलं असतं आणि श्रोणी शाबूत असते. सासूबाईंच्या बाबतीत डॉक्टरांना एवढंच विचारा: मोडलंय ते मांडीचं हाड की श्रोणीचं?