औषधाने उतरलेला ताप

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा आहे. रात्री ताप येतो, सकाळी पॅरासिटामॉल दिलं की उतरतो. माझ्या रजा संपल्यात. पाळणाघरात पाठवू का?

उत्तर : नको. या औषधाचा असर 4 ते 6 तासच टिकतो. आठला दिलेला डोस दुपारी ओसरतो, मूल फणफणतं आणि तोवर शेजारी झोपलेल्या चार बाळांना त्याचा संसर्ग होऊन गेलेला असतो. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर घरीच ठेवा. औषध न देता पूर्ण 24 तास ताप आला नाही, की पाठवा.

पाळणाघरातल्या ताईंपासून डोस लपवू नका, ही माझी कळकळीची विनंती. त्यांना माहीत नसेल तर अंग तापलेलं पाहून त्या दुसरा डोस लवकर देतील, आणि जास्तीचं पॅरासिटामॉल यकृताला घातक ठरतं. रजेचं म्हणाल, तर बाबांच्या किती शिल्लक आहेत? हा प्रश्न मला आजवर जवळजवळ नेहमी आईनेच विचारलाय.

प्रश्न : ताप नाही, पण नाक वाहतंय. शेंबूड हिरवा दिसला म्हणून बालवाडीतून परत पाठवलं.

उत्तर : खातंय, खेळतंय, तर पाठवायला हरकत नाही. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होतेच. नुसत्या हिरव्या रंगावरून अँटिबायोटिक लागत नाही. मात्र श्वास जोरात चालला असेल, बरगड्यांखाली खड्डे पडत असतील, तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : मुलीला कांजिण्या येऊन चार दिवस झाले. ताप नाही. उद्या स्नेहसंमेलनात तिचा नाच आहे. सासूबाई आंघोळही नको म्हणतात.

उत्तर : नाच हुकणार याचं तिला किती वाईट वाटेल, मला कळतं. तरीही पाठवू नका. शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत लागण होते. पुरळ उठल्यापासून साधारण 5 ते 7 दिवस. एखाद्या बाई गरोदर असतील, एखाद्या मुलाचे कॅन्सरचे उपचार चालू असतील, तर त्यांच्या जिवावर बेतू शकतं. शाळेला आजच कळवा, कारण पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीच ती इतरांना लागण देऊ लागली होती. आंघोळ कोमट पाण्याने जरूर घाला, फक्त अंग चोळू नका. अ‍ॅस्पिरिन अजिबात देऊ नका.

प्रश्न : डोक्यात उवा झाल्यात. शाळा बुडवू का?

उत्तर : नाही. आज रात्री औषध लावा, लिखांतून नव्या उवा निघतात म्हणून आठ-नऊ दिवसांनी पुन्हा लावा. सकाळी घट्ट वेणी घालून पाठवा.