पाऊस नंतर, उपसा आधी

प्रिय मुली,

भूजल सर्वेक्षणासाठी लातूरकडे निघालीस, हे वाचून बरं वाटलं. पण आराखड्यातलं पहिलंच वाक्य खटकलं: ‘पाऊस कमी झाल्याने पाणीपातळी खालावली.’ अगं, विहिरीत टेप सोडायच्या आधीच निकाल देऊन मोकळी झालीस!

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आधीचे दोन पावसाळे कोरडे गेले होते, हे खरंच. पण लातूरची पावसाची सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, तर नगर जिल्ह्यातल्या, दुष्काळावर मात केलेल्या हिवरे बाजार गावाची जेमतेम चारशे. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायला आणि ऊस लावायला बंदी घातली, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरवली. लातूरकडे उसाचं क्षेत्र वाढत गेलं, आणि उसाला दीड हजार मिलिमीटरच्या वर पाणी लागतं. ही तूट भरून निघते ती जमिनीच्या पोटातून. तेव्हा उपसा आधी मोज, पावसाला दोष नंतर दे.

आपला खडक बेसाल्टचा, लाव्हाच्या थरावर थर. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि भेगाळलेला भाग. खालचा काळा पाषाण घट्ट, फट लागली तरच पाणी. त्या फटींत शिरलेलं पाणी सहजासहजी परत भरत नाही. एखादं नवं बोअर पाडणं चालू असेल तर थोडा वेळ थांबून बघ. बोअर पाडणारी गाडी बहुधा तमिळनाडूतल्या तिरुचेनगोडकडची असेल. फुफाट्याऐवजी चिखल उसळला की मालकाचा चेहरा उजळतो, सगळे तिकडे धावतात. तू मात्र शेजारच्या जुन्या बोअरपाशी जा. त्यातून गाडीच्या दाबाची हवा फुसफुसत असेल, तर दोन्ही एकाच फटीवर आहेत. नव्याला लागलेलं पाणी जुन्याच्याच वाट्याचं.

खोली विचारलीस तर लोक हातचं राखून सांगतील. 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरपेक्षा खोल बोअरवर बंधनं आहेत, मग खरं कोण सांगणार? गाडीवाल्याचं बिल फुटांवर असतं, ते मागून बघ. चहा झाल्यावर माग.

शेततळ्यांबद्दल तू फार कौतुकाने लिहिलं आहेस. खाली प्लास्टिक अंथरलेलं तळं पावसाने भरलं की विहिरीतून, हेही विचार. झाकलेलं पाणी उपसून मे महिन्याच्या उन्हात उघडं ठेवायचं आणि कागदावर जलसंधारण म्हणायचं, हा प्रकार सर्रास दिसेल.

शेतकऱ्याला मात्र शहाणपण शिकवायला जाऊ नकोस. उसाला दर ठरलेला, कारखाना उचलतो. तुरीचा, सोयाबीनचा भरवसा कोण देतो? तुझ्या अहवालात हा हिशेबही यायला हवा, नाहीतर तो गावाला चोर ठरवणारा कागद होईल.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेमध्ये मोजते. तूही त्याच महिन्यांत मोज, म्हणजे त्यांचे जुने आकडे जोडता येतील. मोजताना पंप कधी बंद झाला ते लिही आणि कठड्याची उंची वजा कर. पहिल्या दहा विहिरींची वही, खाडाखोडीसकट, मला पाठव.

तुझा,
काका