कुरापत काढतात, आगळीक घडते

दिवाळी अंकासाठी व्हिएतनाम युद्धावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचं वाक्य असं होतं : ‘टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामने काढलेल्या कुरापतीमुळे अमेरिका युद्धात ओढली गेली.’ मूळ लेखात ‘प्रोव्होकेशन’ हा शब्द आहे. संपादकांनी ‘कुरापत’ खोडून ‘उत्तर व्हिएतनामच्या आगळीकीमुळे’ असं केलं. ताई विचारतात, या दोन शब्दांत फरक तो काय? कुरापत ‘काढतात’च का, ‘करत’ का नाहीत? आणि इथे बरोबर कोणता?

फरक आहे, आणि तो शब्दांपेक्षा त्यांच्यामागे येणाऱ्या क्रियापदांत जास्त दिसतो. लग्नाच्या बैठकीत व्याह्यांसमोर हात जोडून कोणीही म्हणेल, ‘आमच्याकडून काही आगळीक घडली असेल तर पोटात घाला.’ आता त्याच जागी ‘आमच्याकडून काही कुरापत घडली असेल तर’ असं म्हणून बघा. जीभच अडखळते. आगळीक हातून होऊन जाऊ शकते, नकळतही. कुरापत नकळत होत नाही. ती काढावी लागते.

‘आगळा’ म्हणजे मुळात अधिकचा, वरचढ. ‘आगळावेगळा’मध्ये आज तो वेगळेपणाच्या अर्थाने उरला आहे, पण आगळीक म्हणजे मर्यादेपेक्षा जास्तीचं वागणं, रेघेपलीकडे पडलेलं पाऊल. गस्तीवरची तुकडी धुक्यात वाट चुकून सीमा ओलांडून गेली, तर ती आगळीक. तिथे तंबू ठोकून समोरच्याला ‘काय करायचं ते कर’ म्हणाली, तर ती कुरापत.

‘काढणे’ हे क्रियापद या शब्दाला एकट्याला लागत नाही. खोडी काढतात, कळ काढतात, खुसपट काढतात, भांडण उकरून काढतात. या सगळ्यांत आत शांत पडलेलं काहीतरी मुद्दाम बाहेर ओढलं जातं. ‘कुरापती करणे’ असंही ऐकू येतं, पण त्यात तो ओढून काढण्याचा भाग जातो, नुसता उपद्व्याप उरतो.

मूळ शब्द अरबी. तिथे ‘खुराफा’ म्हणजे भाकडकथा, ‘खुराफात’ हे त्याचं अनेकवचन. अरबांची आख्यायिका अशी की उझ्रा जमातीतल्या खुराफा नावाच्या माणसाला जिन्नांनी उचलून नेलं. तो परत आल्यावर तिकडच्या गोष्टी सांगायला लागला आणि कोणी विश्वास ठेवीना. तेव्हापासून न पटणारी गोष्ट म्हणजे ‘खुराफाची गोष्ट’. उर्दू-हिंदीत येईतो बाष्कळ बडबडीवरून अर्थ खोडसाळपणावर सरकला, ‘खुराफाती’ म्हणजे उपद्व्यापी. आणि ‘कुर्सी’ची ‘खुर्ची’ करून ठेवणाऱ्या मराठीने इथे मात्र उलटा न्याय लावला, ‘ख’चा ‘क’ आणि ‘फ’चा ‘प’ करून ‘कुरापत’ केली. म्हणजे आपण भांडणाच्या सुरुवातीला जो शब्द वापरतो, त्याचा मूळ अर्थ रचलेली गोष्ट असा आहे. लांडगा आणि कोकरू आठवा. ‘तू पाणी गढूळ केलंस, तू नाही तर तुझ्या बापाने केलं असेल.’ लांडगा कुरापत काढतो, आणि ती निव्वळ गोष्टच असते.

आता एक खाचखळगा, जो वर्तमानपत्र वाचताना आपल्या ध्यानात येत नाही. आमच्या वाड्यात कॅरमवरून रोज संध्याकाळी रणकंदन व्हायचं. ‘आजी, यानं माझी कुरापत काढली!’ इथे ‘माझी’ म्हणजे मी काढलेली नव्हे, माझ्यावर काढलेली. कुरापत काढणारा ‘ने’ घेतो आणि ज्याची काढली तो ‘ची’ घेतो. पण क्रियापद गाळलं की तोच ‘ची’ उलटा होतो. ‘चीनची कुरापत’ हा मथळा घ्या. चीनने काढलेली की चीनवर काढलेली? व्याकरण दोन्हीला मोकळं आहे. आपण क्षणभरही न थांबता पहिला अर्थ घेतो, कारण पेपर कोणाचा आणि आपण कोण हे ठरलेलं असतं. तिथे वाक्य पूर्ण करण्याचं काम बातमीने केलेलं नसतं, आपण केलेलं असतं.

आजी काही निकाल देत नसे. ती विचारायची, ‘आधी कोणी काढली?’ दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायचो. मग विचारायची, ‘आणि त्याच्या आधी?’ या प्रश्नाला सोंगटी पळवण्यापासून सुरू झालेलं भांडण दुपारच्या चिंचेपर्यंत, तिथून आदल्या आठवड्यातल्या पतंगापर्यंत मागे जायचं.

टोंकिनला हाच प्रश्न लावू. ४ ऑगस्ट १९६४च्या रात्री ‘मॅडॉक्स’ आणि ‘टर्नर जॉय’ या अमेरिकी विनाशिकांनी आपल्यावर पाणतीर (टॉर्पेडो) सुटताहेत असं कळवलं. काळोखी रात्र, खराब हवा. रडारवर ठिपके उमटत होते, सोनारवर, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, बसलेला माणूस पाणतीर आल्याचं ओरडत होता, जहाजं वळणं घेत अंधारात तोफा डागत होती. त्याच दिवशी गस्तीचे प्रमुख कॅप्टन जॉन हेरिक यांनी तार केली : विचित्र हवामानाचा रडारवर झालेला परिणाम आणि अतिउत्साही सोनारवाले हे बऱ्याच नोंदींचं कारण असावं, ‘मॅडॉक्स’वरून डोळ्यांनी कोणी काही पाहिलेलं नाही, पुढे काही करण्याआधी पूर्ण छाननी करा. सोनारवाल्याला ऐकू आलेला आवाज आपल्याच जहाजाच्या पंख्याचा असावा, ही शंकाही त्यांनी कळवली होती. वर घिरट्या घालणारे वैमानिक जेम्स स्टॉकडेल यांनाही खाली एकही शत्रूची बोट दिसली नव्हती.

वॉशिंग्टनमध्ये छाननीला कोण थांबतो. त्याच रात्री उशिरा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन टेलिव्हिजनवर आले आणि उत्तर व्हिएतनामवर विमानं निघाली. पडत्या फळाची आज्ञा, दुसरं काय! ५ ऑगस्टला ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या पहिल्या पानावर आपल्या विनाशिकांवर ‘दुसरा हल्ला’ झाल्यावर विमानांनी मारा केल्याचा मथळा होता. ‘कथित’ नाही, ‘सरकारचं म्हणणं असं की’ नाही. त्याच दिवशी सिरॅक्यूज विद्यापीठातल्या भाषणात जॉन्सन म्हणाले, हल्ले हेतुपुरस्सर होते, आपल्याकडून काही चिथावणी नसताना झाले, आणि त्यांना उत्तर दिलं गेलं आहे. ७ ऑगस्टला अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव केला. कनिष्ठ सभागृहात ४१६ विरुद्ध ०. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २, ते दोघे म्हणजे वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग. वॉशिंग्टनमध्ये आपलं छोटं साप्ताहिक जवळजवळ एकट्याने चालवणारे आय. एफ. स्टोन यांनी त्याच महिन्यात शंका काढल्या. मोठ्या पेपरांना उशिरा जाग आली.

४ तारखेला हल्ला झालाच नव्हता, असा निष्कर्ष अमेरिकेच्याच राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतले इतिहासकार रॉबर्ट हॅन्यॉक यांनी काढला. त्यांचा गुप्त लेख २००५ साली खुला झाला. त्याआधी १९९५मध्ये, १९६४ साली अमेरिकेचे संरक्षणमंत्री असलेले रॉबर्ट मॅक्नमारा व्हिएतनामची राजधानी हनोईला गेले असता उत्तर व्हिएतनामचे युद्धकाळातले सेनानी जनरल व्हो न्युएन जाप यांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, त्या दिवशी काहीही घडलं नाही.

आणि त्याच्या आधी? २ ऑगस्टला मात्र उत्तर व्हिएतनामच्या तीन पाणतीर बोटी ‘मॅडॉक्स’च्या अंगावर खरोखरच आल्या होत्या. ही घ्या कुरापत, असं वाटतं. पण पहिल्या तोफा ‘मॅडॉक्स’ने डागल्या होत्या, इशाऱ्याच्या. ते तेव्हा सांगितलं गेलं नाही. आणि त्याच्याही आधी? ३० जुलैच्या रात्री अमेरिकेने आखलेल्या छुप्या मोहिमेतल्या दक्षिण व्हिएतनामी बोटींनी उत्तरेच्या दोन बेटांवर मारा केला होता, आणि ‘मॅडॉक्स’ त्याच पट्ट्यात रेडिओ संदेश टिपत फिरत होती. दोन्हींचा संबंध नाही, आमच्या नौदलाला त्या बोटींचा पत्ताही नव्हता, असं मॅक्नमारांनी ६ ऑगस्टला सिनेटच्या समितीला सांगितलं. हनोईला संबंध दिसला. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला दिसणारच.

तर ताई, तुमच्या वाक्यात ‘कुरापत’ हा शब्द तीन दिवशी तीन वेगळ्या माणसांच्या नावावर जातो. गोष्ट कुठून सुरू करायची, एवढ्यावर कर्ता बदलतो.

हे फक्त परक्यांचं आहे असं कोणी समजू नये. १९६५चं युद्ध कधी सुरू झालं? पाकिस्तानात ६ सप्टेंबर हा संरक्षण दिन, कारण त्या दिवशी भारतीय सैन्य आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेने गेलं. आपण गोष्ट ५ ऑगस्टपासून सांगतो, काश्मीरमध्ये घुसखोर पाठवण्याच्या ‘ऑपरेशन जिब्राल्टर’पासून, आणि मग १ सप्टेंबरच्या, जम्मूजवळच्या छांबवर पाकिस्तानने केलेल्या चढाईपर्यंत येतो. ते म्हणतात छांबच्या आधी, २८ ऑगस्टला, काश्मीरमधली हाजी पीर खिंड तुम्ही घेतलीत. आपण म्हणतो, हाजी पीर घ्यायची वेळ कोणी आणली? घुसखोर आमचे नव्हेत, असं पाकिस्तान तेव्हा म्हणत होतं. ते टिकलेलं नाही. माझ्या मते इथे ‘कुरापत’ हा शब्द पाकिस्तानच्या बाजूला पडतो, कारण आखणी मुद्दामची होती. पण ती आखणी होती म्हणून पडतो, तो आपला पेपर आहे म्हणून नव्हे. सीमेवर रात्री गोळीबार झाला आणि सकाळी ‘पाकच्या कुरापती सुरूच’ असा मथळा आला, की आखणीचा पुरावा आणायला कोणाला वेळ मिळालेला नसतो.

अजून दोन शब्द या कुळातले, कारण तुमच्या वाक्याला त्यांतला एक लागणार आहे.

पहिला ‘बनाव’. स्वतःच स्वतःची कुरापत काढून समोरच्याच्या नावावर टाकणं. १८ सप्टेंबर १९३१ला चीनच्या मांचुरियातल्या मुकडेनजवळ जपानी अधिकाऱ्यांनी जपानच्याच ताब्यातल्या रेल्वेमार्गावर स्फोट केला आणि चिन्यांवर ढकलला. रुळांना इतकी कमी इजा झाली की थोड्याच वेळात त्यावरून गाडी निघून गेली. मांचुरिया मात्र जपानच्या घशात गेला. ३१ ऑगस्ट १९३९ला पोलंडच्या सीमेजवळच्या ग्लायविट्झ या जर्मन गावातल्या रेडिओ केंद्रावर पोलिश असल्याचं सोंग घेऊन एसएस या नाझी दलाच्या माणसांनी हल्ला केला. दुसऱ्या दिवशी हिटलर राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, म्हणाला, पहाटे ५:४५पासून ‘त्सुरूकगेशोसेन’. म्हणजे नुसता गोळीबार नव्हे, उलट गोळीबार. सगळा खोटेपणा त्या ‘त्सुरूक’ या उपसर्गात बसवला होता. आपल्याकडे हेच काम ‘प्रति’ करतो : प्रतिहल्ला, प्रत्युत्तर. हा उपसर्ग लावला की आधी कोणीतरी काहीतरी केलं हे न सांगता सांगून होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्यातला ‘उलट्या’ तो हाच.

दुसरा शब्द ‘आवई’. शत्रू आला, हल्ला झाला अशी उठलेली भुमका. चार ऑगस्टला ‘बनाव’ म्हणावंसं वाटतं, पण तो नेमका बसत नाही. हॅन्यॉक यांच्या मते आधी चुका झाल्या, मग मधल्या फळीतल्या लोकांनी त्या झाकण्यासाठी संदेशांची मांडणी वाकवली. आधी रचून ठेवलेलं काही नव्हतं. आवई या शब्दाला हे दोन्ही पेलतं, कारण आवई उठते आणि आवई उठवतातही. जहाजावर ती उठली. वॉशिंग्टनमध्ये तिला धरून बसले.

आता तुमचं काम. मूळ लेखकाने ‘प्रोव्होकेशन’ लिहिलं असेल आणि त्याचं म्हणणं हनोईने मुद्दाम डिवचलं असंच असेल, तर ‘कुरापत’ हेच भाषांतर बरोबर. संपादकांनी ‘आगळीक’ करून लेखकाचा आरोप सौम्य केला आहे, आणि भाषांतरात तो हक्क कोणाला नाही. लेखकाची चूक मराठीत चूकच राहू द्या, खाली भाषांतरकाराची टीप घाला. पण ‘ओढली गेली’ ही तुमची भर असेल तर ती काढा. मूळात तसं नसताना कर्मणी वापरून आपण अमेरिकेला बळेच फरफटत नेतो आहोत. ‘उतरली’ पुरे.

टिपेसाठी वाक्य हवं असेल तर असं : ‘२ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात चकमक झाली, ४ ऑगस्टला दुसऱ्या हल्ल्याची आवई उठली, आणि तिच्या आधाराने अमेरिका उघडपणे युद्धात उतरली.’ ‘उघडपणे’ गाळू नका, छुपेपणाने ती आधीच उतरलेली होती.

संपादकांना एक निरोप द्या. आगळीकच ठेवायची असेल तरी ‘आगळीकीमुळे’ नव्हे, ‘आगळिकीमुळे’. जमीन-जमिनीवर, तशी आगळीक-आगळिकीमुळे. ‘ळि’ ऱ्हस्व.