पोच आली नाही, म्हणजे काय?

प्रश्न : ताई, मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. गावच्या दूध संस्थेसाठी मोबाइल ॲप केलंय. संकलनाला बसणारे दादा सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) टाकून 'जमा' दाबतात. सर्व्हरची बाजू माझ्या मित्राने लिहिली आहे. पंधरा सेकंदांत उत्तर आलं नाही की ॲपवर 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' असं येतं, मग दादा पुन्हा दाबतात. गेल्या दहा दिवसांच्या बिलात तीन सभासदांचं दूध दोनदा लागलं. मित्र म्हणतो ॲप दोनदा पाठवतं. मी म्हणतो सर्व्हरने ओळखायला पाहिजे. चूक कोणाची? सर्व्हरच्या उत्तराचा नमुना सोबत जोडलाय.
– एक वाचक, कागल तालुका

उत्तर : दोघांची. पण तुझी जरा जास्त, कारण 'पुन्हा प्रयत्न करा' हे वाक्य तुझं आहे. दादांनी बिचाऱ्यांनी तू सांगितलंस तेच केलं.

माझे वडील पुण्याहून आजीला दर महिन्याला मनीऑर्डर करायचे. एखाद्या महिन्यात पोच यायला उशीर व्हायचा. म्हणून काही ते दुसऱ्या दिवशी जाऊन तेवढ्याच पैशांची दुसरी मनीऑर्डर करत नसत. पहिलीची पावती घेऊन पोस्टात जायचे आणि तिचा नंबर दाखवून विचारायचे, "हिचं काय झालं?" तुझ्या ॲपकडे हा नंबरच नाही.

पंधरा सेकंद संपले तेव्हा तीनपैकी काहीही झालेलं असू शकतं. नोंद सर्व्हरपर्यंत गेलीच नाही. गेली, पण लिहिता लिहिता सर्व्हर बसला. किंवा नोंद व्यवस्थित लिहिली गेली आणि परतीचं उत्तर तेवढं वाटेत हरवलं. फोनवरून तिन्ही अगदी सारखे दिसतात. तुझी तीन बिलं बहुतेक तिसऱ्या प्रकारातली आहेत. टाइमआउटला, म्हणजे वेळेत उत्तर न येण्याला, तू 'झालं नाही' धरलंस. त्याचा खरा अर्थ 'माहीत नाही' एवढाच.

तेव्हा नंबर दे. दादांनी 'जमा' दाबलं की फोननेच त्या नोंदीसाठी एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्याच नोंदीला न येणारा लांबलचक नंबर, बनवायचा, तो नोंदीसकट आधी फोनमधल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये लिहायचा आणि मगच पाठवायला घ्यायचं. पुन्हा पाठवताना तोच नंबर जायला हवा. इथे भलेभले घसरतात: यूयूआयडी बनवणारी ओळ पाठवण्याच्या फंक्शनमध्ये टाकतात, मग प्रत्येक प्रयत्नाला नवा नंबर, आणि सगळं मुसळ केरात. या नंबराला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. नावाला घाबरू नकोस, मनीऑर्डरची पावतीच आहे ती.

मित्राने काय करायचं? डेटाबेसमध्ये या नंबराच्या कॉलमवर युनिकचं बंधन घालायचं, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा आत घेतलाच जाणार नाही. 'आधी शोधू, नसेल तर घालू' असा कोड पुरत नाही. दोन विनंत्या एकदम आल्या तर दोघींनाही 'नाही' असंच दिसतं आणि दोघी आत शिरतात. नंबर आधी येऊन गेला असेल तर पहिल्या वेळी दिलेलं उत्तरच परत द्यायचं. नंबर तोच पण लिटर वेगळे असतील, तर मात्र सरळ नकार.

तो म्हणेल, सभासद, तारीख आणि सकाळ-संध्याकाळ एवढ्यावरून ओळखू की. नको. एकाच घरचं गाईचं आणि म्हशीचं दूध एकाच वेळी येतं, आणि धार उशिरा झाली की कुणी अर्ध्या तासाने दुसरी किटली घेऊन येतो. त्या दुसऱ्या किटलीचं दूध गायब केलंत तर सभासद संस्थेत येऊन काय करेल ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आता तू पाठवलेला नमुना. स्टेटस कोड, म्हणजे काय झालं ते सांगणारा उत्तरावरचा आकडा, २०० म्हणजे 'सगळं ठीक', आणि आत 'सक्सेस : फॉल्स, मेसेज : एरर'. हे म्हणजे पाकिटावर 'शुभवार्ता' आणि आत सुतकाचं कार्ड. मधले प्रॉक्सी (वाटेतले निरोप्ये सर्व्हर) आणि सर्व्हरचा लॉग फक्त पाकीट वाचतात. मित्राच्या लॉगमध्ये त्या दहाही दिवसांत सगळं हिरवंगार दिसलं असणार.

फॅट ६.४ ऐवजी ६४ पडलं तर ४२२, म्हणजे 'भरलेली माहिती चुकीची', दे म्हणावं. ४०० दिलं तरी चालेल, त्यावरून भांडू नका. चारशेच्या घरातला आकडा आला की सहसा तीच नोंद तशीच पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही, माणसाला दाखवायची. ४०१ आला तर लॉगिन करून घ्यायचं, पण तोवर भरलेली नोंद पुसायची नाही. ४२९ आणि ५०३ म्हणजे 'नंतर या'; सोबत रिट्राय-आफ्टर हेडर (किती वेळाने यायचं ते सांगणारी पाकिटावरची ओळ) असेल तर त्यात सांगितलंय तितकं थांबायचं. नसेल तर एक, दोन, चार, आठ सेकंद असं वाढवत जायचं आणि त्यात थोडा रँडम वेळ मिसळायचा. नाहीतर उद्या दहा गावांत ॲप गेलं, की वीज आल्याबरोबर दहाही फोन एकाच क्षणी सर्व्हरच्या उरावर.

चूक कळवणारं उत्तर कसं लिहावं याचा आराखडा तयार आहे: आरएफसी (इंटरनेटचे नियम ज्यांत लिहितात ते दस्तऐवज) ९४५७, जुलै २०२३ चा. त्याआधी २०१६ चा ७८०७ होता. टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल, इन्स्टन्स एवढेच पाच रकाने. ॲपने निर्णय टाइप, म्हणजे चुकीचा प्रकार, पाहून घ्यायचा. डिटेल माणसांसाठी असतं. हे मी पोळल्यावर शिकले. पहिल्या नोकरीत मी मेसेजमधला मजकूरच जुळवून बघत होते. पलीकडच्याने एक दिवस त्यातला पूर्णविराम काढला आणि आमचं ॲप प्रत्येक नकाराला होकार समजायला लागलं. दोन दिवस मी तो पूर्णविराम शोधत होते.

'काहीतरी चुकलं' हे वाक्य काढून टाक. पहाटे सहाला रांग लागलेली असताना दादांना एवढंच कळायला हवं, की पुढच्या माणसाची किटली घ्यायची की नाही. 'जमा झालं.' 'फॅट ६४ पडलंय, तपासा.' 'फोनमध्ये ठेवलंय, रेंज आली की जाईल. पुन्हा दाबू नका.' तिसरं जरा मोठ्या अक्षरात.

आणि ती तीन बिलं. नोंदींच्या वेळा पाहा. लिटर, फॅट, एसएनएफ सगळं तंतोतंत तेच आणि मध्ये मिनिटभराचंही अंतर नाही, अशा जोड्या सापडतील. दुसरी नोंद डिलीट करू नका. तेवढीच उलट नोंद घाला आणि पुढच्या बिलातून कापण्याआधी सचिवांना त्या तिघांच्या घरी पाठवा. त्यांच्याबरोबर तूही जा.