घराबाहेरचा एक माणूस

प्रश्न : माझे दीर सिंगापूरला स्थायिक आहेत. कौटुंबिक फंडासाठी ते तिथल्या आयकर कायद्यातल्या कलम १३-ओची करसवलत घेणार आहेत. गुंतवणूक पुतण्या आणि त्याची बायकोच सांभाळतील, तर चालेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही चालणार, ताई. किमान दोन गुंतवणूक व्यावसायिक हवेत आणि त्यांतला एक तरी घराबाहेरचा. मला ही अट मनापासून पटते. थोरल्यांना ‘इथे पैसे नको’ म्हणायला घरातली मुलं कचरतात, मी हे अनेक घरांत पाहिलंय. फंडात २ कोटी सिंगापूर डॉलर अर्जाच्या वेळी आणि पुढेही हवेत. त्यांतले १० टक्के किंवा १ कोटी, जे कमी ते, स्थानिक गुंतवणुकीत. शिवाय वर्षाला निदान २ लाख डॉलर खर्च. दिरांना म्हणावं, अर्जाआधी तो माणूस शोधा.